मिक्सरमधून कॅमेऱ्यात घेतलेला कीर्तनाचा आवाज हेडफोनवर ठणठणीत, मोबाईलवर गायब! काय चुकलं?

टाळकरी_माण

राम कृष्ण हरी मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून.

आमच्या गावात (माण तालुका) दरवर्षी सप्ताह असतो. गेली तीन वर्षं शूटिंग मी करतो, कॅनन २००डी आहे माझ्याकडे. आधी कॅमेऱ्याच्याच माईकवर घ्यायचो, पण त्यात कीर्तनापेक्षा जनरेटर आणि मागं बसलेल्या पोरांच्या गप्पाच जास्त यायच्या. म्हणून यंदा ठरवलं की साऊंडवाल्याच्या मिक्सरमधूनच लाईन घ्यायची. एका बाजूला तीन पिनची एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यात जाणारी बारीक ३.५ ची पिन अशी वायर बाजारातून रेडीमेड आणली, साऊंडवाल्याने मिक्सरच्या मागच्या एका आऊटला लावून दिली. पहिल्या दिवशी आवाज फाटला, दुसऱ्या दिवसापासून त्याला लेव्हल कमी करायला लावली तेव्हा कॅमेऱ्यावरच्या पट्ट्या नीट नाचायला लागल्या. २००डीला हेडफोनचं होल नाही त्यामुळे जागेवर ऐकता येत नाही, पट्ट्या बघूनच सात दिवस काढले.

घरी येऊन लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकलं, एकदम क्लिअर. पखवाजाची थापसुद्धा वेगळी कळते. फक्त एक, आवाज समोरून न येता डोक्याच्या मागून कुठूनतरी येतोय असं वाटत होतं, पण म्हटलं असेल मंडपाचा परिणाम. मग काल्याच्या कीर्तनातला तुकडा कापून गावच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच मेसेज सुरू, आवाज का काढून टाकला म्हणून. माझ्या मोबाईलवर लावला तर खरंच, चित्र दिसतंय, बुवांचं तोंड हलतंय, आणि आवाज म्हणजे लांब शेतात रेडिओ चालू असल्यासारखा बारीक. फुल व्हॉल्यूमला पण तेच. टीव्हीवर लावलं तर येतो पण पातळ, पखवाजाचा धुमा गायबच.

माझा जीव अडकलाय तो एवढ्यासाठी की काल्याला आमच्या आळीतल्या अण्णांनी गवळण म्हटली. वय ८१. त्यांनी म्हटलेली चाल आता गावात दुसऱ्या कुणाला येत नाही आणि पुढच्या वर्षी ते उभे राहतील का सांगता येत नाही. ते रेकॉर्डिंग गेलं असेल तर मला फार वाईट वाटेल.

अजून एक. माझ्याकडे एक कॉलर माईक आहे, मोबाईलला लावला की मस्त चालतो पण कॅमेऱ्याला लावला की एकतर काहीच येत नाही नाहीतर नुसती खरखर. तो खराब आहे का कॅमेऱ्याचं होल गेलंय?

---

शूटिंगवाला_कराड

कॉलर माईकचं आधी सांगतो कारण ते रोजचंच आहे. त्याची पिन हातात घेऊन काळ्या रिंगा मोज. तीन रिंगा असतील तर ती मोबाईलची पिन, म्हणजे टीआरआरएस. कॅमेऱ्याला दोन रिंगांची टीआरएस लागते. मोबाईलच्या पिनला एकाच जागी इअरफोन आणि माईक दोन्ही असतात, माईकचा कॉन्टॅक्ट पार बुडाशी. कॅमेऱ्यात तो जातो जमिनीच्या, म्हणजे अर्थच्या पट्टीवर, मग आवाज कुठून येणार. मोबाईलची तीन रिंगांची पिन कॅमेऱ्यासाठी दोन रिंगांची करून देणारा छोटा तुकडा मिळतो, तो घे. घेताना नीट सांग, कारण याच्या बरोबर उलटा तुकडा पण दिसायला असाच असतो आणि दुकानदार हमखास तोच देतो.

आणि माईकच्या वायरला मध्ये छोटी डबी आहे का? असेल तर त्यावर मोबाईल आणि कॅमेरा असं बटण असतं. बोयाच्या बीवाय-एम१ला तसं आहे, त्यात पिन तीन रिंगांचीच असली तरी बटण कॅमेऱ्यावर करायचं आणि डबीत एलआर४४ सेल घालायचा, घड्याळातल्यासारखा बारका. मोबाईलवर असताना तो सेल लागतच नाही, त्यामुळे माईक चालू आहे असं वाटत राहतं आणि कॅमेऱ्याला लावल्यावर बंद. माझ्याकडे असिस्टंट म्हणून येणाऱ्या प्रत्येक पोराने एकदा तरी यात तास घालवलाय.

पिन पूर्ण आत गेलीय का तेपण बघ. कॅमेऱ्याला रबरी कव्हर किंवा केज (बाहेरून बसवायची चौकट) असेल तर पिन अर्धा मिलीमीटर बाहेर राहते आणि खरखर येते.

कीर्तनाचं म्हणशील तर मला वाटतं व्हॉट्सॲपने फाईल दाबल्यामुळे झालं असेल. ओरिजिनल फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवून बघ.

---

सोल्डरगन

कराडकर दादा कॉलर माईकचं एकदम बरोबर, पण कीर्तनाच्या बाबतीत व्हॉट्सॲपचा काही संबंध नाही. टाळकरी भाऊ, आधी हे वाचा आणि निवांत व्हा: रेकॉर्डिंग गेलेलं नाही. अण्णांची गवळण जशीच्या तशी त्या फाईलमध्ये आहे. फक्त ती ओरिजिनल फाईल डिलीट करू नका, कार्ड फॉरमॅट करू नका.

तुम्ही लिहिलंय ना की आवाज डोक्याच्या मागून येतोय, तिथेच कळलं. काय झालंय सांगतो. मिक्सरच्या एक्सएलआरला तीन पिना. १ नंबर म्हणजे अर्थ, २ नंबरवर आवाज, आणि ३ नंबरवर तोच आवाज पण उलटा. म्हणजे २ नंबर वर जाते तेव्हा ३ नंबर तितकीच खाली. याला बॅलन्स्ड लाईन म्हणतात, लांब वायरीत येणारी घूं घूं मारायला ही सोय केलेली असते, दुसऱ्या टोकाचं मशीन दोघांमधला फरक घेतं. दोन्ही वायरींत सारखीच शिरलेली घूं घूं त्या फरकात उडून जाते आणि आवाज दुप्पट होऊन उरतो.

आता तुमचा कॅमेरा फरक बिरक काही घेत नाही. त्याच्या माईकच्या होलात टोकाचा भाग म्हणजे डावा चॅनेल आणि मधली रिंग म्हणजे उजवा. तुमच्या रेडीमेड वायरीत २ नंबर टोकाला आणि ३ नंबर रिंगला जोडलीय, म्हणून डाव्या बाजूला सुलटा आवाज आणि उजव्या बाजूला उलटा, असा स्टिरिओ म्हणून रेकॉर्ड झाला. हेडफोनवर एका कानात एक आणि दुसऱ्यात दुसरा, दोघांची गाठच पडत नाही म्हणून ऐकू येतो. साध्या मोबाईलला स्पीकर एक. तो दोन्ही चॅनेल एकत्र करतो आणि रस्सीखेचीत दोन्हीकडून सारखाच जोर लागल्यावर दोर जागचा हलत नाही तसं होतं. आवाज शून्य. जे बारीक ऐकू येतंय ते दोन बाजूंत जो किंचित फरक राहिला तेवढंच. टीव्हीला दोन स्पीकर असतात पण जवळजवळ, तिथे जाड आवाज हवेतच एकमेकांना मारतात, म्हणून पखवाजाचा धुमा गेला.

खात्री करायला हेडफोनचा फक्त डावा कान लावून ऐका, मग फक्त उजवा. दोन्हीकडे वेगवेगळा नीट येत असेल तर हेच आहे.

आता दुरुस्ती. फुकटातलं ऑडासिटी घ्या, आवाज कापा-जोडायचं सॉफ्टवेअर आहे. त्यात थेट एमपी४ उघडली नाही तर आधी आवाज वेगळा डब्ल्यूएव्ही करून काढा, किंवा ऑडासिटीला एफएफएमपेग (व्हिडिओ फाईलमधला आवाज उघडून देणारं जोड-सॉफ्टवेअर) जोडा. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्प्लिट स्टिरिओ टू मोनो करा, डावा-उजवा वेगळे होऊन एकेका चॅनेलचे, म्हणजे मोनो, दोन ट्रॅक होतील. खालचा ट्रॅक डिलीट केला तरी काम झालं, वरचा एकटा मोनो म्हणून वापरा. पण माझं ऐकाल तर डिलीट करू नका, खालचा सिलेक्ट करून इफेक्टमध्ये जाऊन इन्व्हर्ट मारा आणि मग दोन्ही मिक्स करा. झूम करून बघा, इन्व्हर्टच्या आधी वरच्या ट्रॅकमध्ये जिथे डोंगर तिथे खाली बरोबर दरी दिसेल, इन्व्हर्ट मारला की दोन्हीकडे डोंगर. असं केल्याने जनरेटरची जी काही घूं घूं वायरीत शिरली असेल तीही बरीच कमी होईल, म्हणजे कॅमेऱ्याने जे काम करायला हवं होतं ते तुम्ही घरी बसून केलंत. मिक्स करताना लाल व्हायला लागलं तर दोन्ही ट्रॅक आधी ६ डीबीने खाली घ्या.

---

टाळकरी_माण

सोल्डरगन दादा, हात जोडून नमस्कार. रात्री अकराला तुमचं वाचलं आणि लगेच बसलो. डोंगर दरी अगदी तुम्ही सांगितलं तसंच होतं, बघताना अंगावर काटा आला. इन्व्हर्ट मारून मिक्स केलं आणि आईच्या साध्या मोबाईलवर लावलं, अण्णांचा आवाज खणखणीत. आई झोपली होती, ती उठून बाहेर आली, म्हणाली अण्णा आलेत का.

कॉलर माईकच्या पिनला तीनच रिंगा निघाल्या, कराडकर दादा, तुकडा मागवतो. डबी नाहीये त्याला.

पण पहिल्या दिवसाचं काय करू? त्यात दोन्ही चॅनेलला फाटलेलाच आवाज आहे. आणि ही वायर फेकून देऊ का?

---

सोल्डरगन

पहिल्या दिवसाचं खरं सांगायचं तर ते परत येणार नाही. मिक्सरमधून येतो तो लाईन लेव्हल आणि कॅमेऱ्याचं होल आहे माईकसाठी, माईकचा सिग्नल लाईनपेक्षा शेकडो पटीने बारीक असतो. डोंगराचे माथे सपाट कापले गेलेत, कापलेला भाग फाईलमध्ये लिहिलाच गेलेला नाही. ऑडासिटीत क्लिप फिक्स म्हणून आहे, थोडं कुठं कुठं फाटलं असेल तर बरं वाटतं, पूर्ण फाटलेल्याला काही उपयोग नाही. पुढच्या वेळी मध्ये ॲटेन्युएटरवाली, म्हणजे सिग्नल बारीक करून देणारी वायर लावा, साऊंडवाल्याच्या हातातल्या बटणावर अवलंबून राहू नका, गर्दी वाढली की तो ते वाढवणारच.

वायर फेकू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ३ नंबर पिनवर आणि दुसरं बारीक पिनच्या मधल्या रिंगवर लावा, बीप वाजला की हीच ती भानगड. पिनचं कव्हर उघडून ३ नंबरची वायर रिंगवरून काढा, टेप लावून मोकळी ठेवा आणि टोकावरून रिंगला छोटा तुकडा जोडा. मग २ नंबरचा आवाज दोन्ही चॅनेलला सारखा जाईल. साध्या मिक्सरला हे चालतं. आऊटला आत ट्रान्सफॉर्मर असेल तर मात्र ३ मोकळी न ठेवता १ ला जोडावी लागते. आणि कॅमेऱ्याच्या त्या होलातून माईकसाठी दोन-तीन व्होल्ट बाहेर येत असतात, त्याने कधी कधी मिक्सरबरोबर आवाजात गडबड होते, तसं झालं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, त्यातून आवाज जातो पण दोन्ही मशीनची वायर थेट जोडली जात नाही.

---

रानवारा

मी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत फिरते, म्हणून थोडं माझंही. टाळकरी दादा, दोन गोष्टी.

कॅमेऱ्यात साऊंड रेकॉर्डिंग ऑटोवर आहे का बघा. डायल पूर्ण ऑटो मोडवर असेल तर मॅन्युअलचा पर्यायच दिसत नाही, फक्त चालू आणि बंद दिसतं, म्हणून डायल फिरवून मग मेनूत जा. ऑटोवर बुवा दम घ्यायला थांबले की कॅमेरा स्वतःच लेव्हल वर खेचतो आणि त्या शांततेत जनरेटर, पंखे, खोकले सगळं वर येतं, मग पुढचा शब्द आला की दचकून खाली. ऐकताना समुद्राच्या लाटेसारखं वाटतं. मॅन्युअलला ठेवून सगळ्यात मोठा आवाज, म्हणजे गजराला टाळ आणि पखवाज दोन्ही चढतात तेव्हाचा, उणे १२ डीबीच्या आसपास पोचेल एवढंच ठेवा. शून्याला टेकता कामा नये. बुवांच्या बोलण्यावर लेव्हल लावली तर गजराला फाटणारच.

दुसरं म्हणजे मिक्सरच्या लाईनमध्ये फक्त ज्यांच्यासमोर माईक ठेवलाय तेच येतात. टाळकरी, समोरच्या बाया मागून म्हणतात ते, हे सगळं जवळजवळ नाहीच येत, आणि नुसती लाईन ऐकली की कीर्तन रिकाम्या खोलीत चालल्यासारखं वाटतं. म्हणून कॅमेऱ्याला लाईन द्या आणि एक मोबाईल किंवा छोटा रेकॉर्डर टाळकऱ्यांच्या रांगेपाशी वेगळा चालू ठेवा. दोन्ही सुरू झाल्यावर मिक्सरला लावलेल्या माईकसमोर एकदा जोरात टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येतं. तुमचा कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदाला आपोआप थांबतो, तेव्हा नवीन क्लिपला परत टाळी. टाळकऱ्यांपाशी घेतलेल्या त्या वेगळ्या फाईलमधलं वीस-पंचवीस टक्के मिसळलं तरी मंडप जिवंत होतो.

अण्णांचं मात्र मला वेगळंच सांगायचंय. पुढच्या सप्ताहाची वाट बघू नका. त्यांच्या घरी जा, पंखा बंद, दारावर गोधडी टाका, तुमचा तोच कॉलर माईक मोबाईलला लावून सदऱ्यावर छातीपाशी, हनुवटीच्या वीतभर खाली लावा आणि त्यांना जेवढ्या चाली आठवतात तेवढ्या म्हणायला सांगा, मध्ये थांबवू नका. म्हाताऱ्या माणसांना घसा मोकळा व्हायला वेळ लागतो, पहिला अर्धा तास नुसतं बोलणंच चालतं, तेही रेकॉर्ड करत राहा, चाल कुणाकडून आली ते त्यातच येतं.

---

टाळकरी_माण

रानवारा ताई, परवा रविवारी गेलो होतो. गोधडी दोन लावल्या, एक दाराला आणि एक खिडकीला. सव्वा तास बोलले आणि म्हणाले. चौदा चाली निघाल्या, त्यातल्या तीन तर माझ्या वडिलांनीही ऐकलेल्या नव्हत्या, एक त्यांच्या आजीकडून आलेली म्हणाले. मिक्सरची गवळण पण त्यांना मोबाईलवर ऐकवली, डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले दुसऱ्या कडव्याला पखवाज जरा पुढं पळाला.

सोल्डरगन दादा, वायर उघडली, ३ नंबर रिंगवरच होती. आता काढून टेप लावलीय. काकड्याच्या भजनाला मंदिरातल्या छोट्या मिक्सरवर लावून बघतो आणि इथेच सांगतो.