मदत हवी आहे: मुलीला नाटकात चेटकिणीचं काम, उद्या सकाळपर्यंत उत्तर द्यायचंय

घाईतली_आई
मुलीला शाळेच्या नाटकात चेटकिणीचं काम मिळालंय. उद्या शिक्षिकेला हो किंवा नाही कळवायचंय. सासूबाई म्हणतात, विश्वासणाऱ्या घरातल्या मुलीने हे करायचं नाही, आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १८वा अध्याय उघडून पुढ्यात ठेवलाय. नवरा म्हणतो, नाटकच आहे, सोड. आमच्या चर्चचे पाळक प्रवासात आहेत, फोन लागत नाही. मला वचनाचा आधार हवाय. ‘मुलांना मोकळं सोडा’ असले सल्ले नकोत.

दीपस्तंभ
सासूबाईंचं ऐका. अनुवाद १८:१०-१२ मध्ये शकुन पाहणं, जादूटोणा, मृतांना विचारणं, एकेक गोष्ट नाव घेऊन निषिद्ध केली आहे. आमचा मुलगा हॅरी पॉटर वाचून दिवसभर काठी फिरवत मंत्र म्हणायचा. ती पुस्तकं आम्ही घरातून काढली आणि घर शांत झालं. पुढे पोप झालेले कार्डिनल रात्सिंगर यांनीही २००३ च्या एका पत्रात त्या पुस्तकांतल्या छुप्या मोहाबद्दल लिहिलं होतं.

जुनी_पायवाट
ते एका लेखिकेला पाठवलेलं खासगी उत्तर होतं, चर्चचा आदेश नव्हता. २००९ मध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राने त्या मालिकेतल्या सहाव्या चित्रपटाचं कौतुक केलं होतं. सांगायचं तर पूर्ण सांगा.
ताई, नाटक कोणतं? मुलगी केवढी? आणि ही चेटकीण रंगमंचावर करते काय?

शांत_किनारा
मुलांच्या टॅबलेटवर वयाची मर्यादा घालता येते. सेटिंगमध्ये पासवर्ड टाकला की जादूचे व्हिडिओ बरेचसे बंद होतात. आम्हाला फार उपयोग झाला.

घाईतली_आई
टॅबलेटचा इथे काही संबंध नाही. आणि आम्ही प्रोटेस्टंट आहोत, पोपांचं पत्र सासूबाईंना दाखवून उपयोग नाही. मुलगी ११ वर्षांची आहे. चेटकीण दुष्ट आहे, लोकांना दगड करते, शेवटी मरते. नाटक नार्नियाचं आहे, पांढऱ्या चेटकिणीचं. कोणतं का असेना, चेटकीण ती चेटकीणच, म्हणून लिहिलं नव्हतं.

जुनी_पायवाट
अहो, सगळं उत्तर त्यातच आहे! नार्नियाचे लेखक सी. एस. लुईस आधी नास्तिक होते, १९३१ मध्ये ख्रिस्ती विश्वासाकडे वळले, आणि १९५० मध्ये ही गोष्ट आली. फितूर झालेल्या मुलाच्या रक्तावर चेटकीण हक्क सांगते. अस्लान हा सिंह त्याच्या जागी स्वतः मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. हे कुणाचं चित्र आहे ते सासूबाई लगेच ओळखतील. चेटकीणच काढली तर सिंह मरतो कशासाठी?

दीपस्तंभ
लेखक ख्रिस्ती असला म्हणून जादू पवित्र होत नाही. तिथे सिंहाच्या बाजूच्या नियमालाही ‘जादू’च म्हटलंय. लहान मुलाला एक जादू चांगली आणि एक वाईट हा भेद कसा कळणार? माझा आक्षेप कायम आहे.

मीठ_आणि_प्रकाश
शब्दाबद्दलचा आक्षेप रास्त आहे, मुलीशी त्यावर बोलायलाच हवं. पण मनाई कशाची आहे ते बघा. प्रेषितांची कृत्ये १९:१९ मध्ये इफिसच्या लोकांनी पन्नास हजार रुपयांची पुस्तकं जाळली (रुपये म्हणजे चांदीची नाणी). ती जादूटोणा करणाऱ्यांची स्वतःची पुस्तकं होती, गोष्टींची नव्हती. आणि शौल राजा एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे गेला, ते १ शमुवेल २८ मध्ये सविस्तर आहे. पवित्र शास्त्र ती गोष्ट लपवत नाही. मंत्र म्हणून कुणाला खरोखर बोलावणं आणि वाईटाला वाईट दाखवणं, मला यात मोठा फरक दिसतो.
सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. १ करिंथ ८ वाचा. प्रेषित पौलाला मूर्तीपुढचं अन्न खायची मोकळीक होती, तरी भावाला अडखळण होत असेल तर तो मांस सोडायला तयार होता. त्यांना न सांगता होकार कळवू नका. आणि मुलीला काय वाटतं, तिला कुणी विचारलंय का?

घाईतली_आई
नाही विचारलं. आत्ता विचारून आले. म्हणाली, “सिंह मरतो तेव्हा मला हसायचंय आणि मला ते जमत नाहीये, रडू येतं.” सासूबाई शेजारीच होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांना तो भाग वाचून दाखवायचाय. पुस्तक घरात आहे, कुठलं प्रकरण?

जुनी_पायवाट
१४ आणि १५. दोन्ही एका बैठकीत वाचा, १४ वर थांबू नका.