राखीव जागांनी निर्णय बदलतात का?

प्रश्न: कायदेमंडळात स्त्रियांसाठी जागा राखल्याने धोरणे खरोखर बदलतात, की केवळ संख्या वाढते?

उत्तर १: अर्जेंटिनाने १९९१ मध्ये पक्षांच्या उमेदवार याद्यांत किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असा कायदा केला. तिथे मतदार पक्षाच्या यादीला मत देतात आणि जागा यादीतील क्रमाने मिळतात. स्त्रियांना निवडून येण्याजोगे क्रमांक देण्याची अटही कायद्यात होती आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच आहे, कारण यादीच्या तळाशी लिहिलेले नाव सभागृहापर्यंत पोहोचत नाही.

उत्तर २: सहमत, पण सभा रात्री लांबली की तान्ह्या मुलाची आई उठून जाते आणि मतदान तिच्या गैरहजेरीत होते. म्हणून मुलाची जबाबदारी वडिलांनीही उचलायला हवी, आणि तिथेही राखीव वाटाच कामी येतो. स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्व रजा वडिलांनाही खुली केली, तरी १९९५ मध्ये त्यांच्यासाठी एक महिना राखून ठेवल्यावरच रजा घेणाऱ्या वडिलांचे प्रमाण ठळकपणे वाढले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रजेचा हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.