घरची गाणी, घरचे व्हिडिओ फोनवर कसे भरलेत? अनुभव लिहा

नौपाडा, ठाणे
सुरुवात मीच करते. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ६० मिनिटांची एक कॅसेट होती. ती संगणकावर उतरवली. १२८ केबीपीएसची एमपी३ केली तर जेमतेम ५८ एमबी. दोन्ही बाजूंचे तुकडे केले, फाइलींना नीट नावं दिली, फोनमध्ये टाकल्या. प्लेअर उघडते तर 'अननोन आर्टिस्ट'! फोनवरचे बरेच प्लेअर फाइलचं नाव बघत नाहीत, आतला टॅग (फाइलमध्येच साठवलेली गाण्याची, कलाकाराची नोंद) वाचतात, हे तेव्हा कळलं. मग एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये मराठी लिहिलं तर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. जुन्या आयडी३व्ही१ टॅगमध्ये देवनागरी बसतच नाही. टॅगची नवी व्ही२.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडल्यावर अक्षरं उमटली. कलाकाराच्या रकान्यात आईचं पूर्ण नाव लिहिलं. फोन तिच्या हातात दिला, तर ती आधी ऐकायचं सोडून ते नावच वाचत बसली.
तुमचंही सांगा. काय अडलं, कसं सुटलं?

ऐरोली
भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ ताईसाठी कार्डावर घेत होतो. कार्ड ३२ जीबीचं, निम्म्याहून जास्त रिकामं, तरी फाइल जाईना. कार्ड फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं होतं आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं आणि काम झालं. मात्र फॉरमॅट करण्याआधी कार्डावरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, नाहीतर ते गेलंच म्हणून समजा. पुढे ताईच्या फोनवर सनई ऐकू येई आणि चित्र काळं. व्हीएलसी हा प्लेअर टाकल्यावर दिसलं. फोनच्या प्लेअरला त्या व्हिडिओचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) येत नव्हता, फाइल चांगलीच होती.

वाशी
सोसायटीच्या गणपतीत आरत्या माझ्या फोनवरून लागतात. पहिल्या वर्षी पहिल्या आरतीनंतर थेट दहावी सुरू झाली, सगळे टाळ थांबले. फाइलींची नावं १, २, ३ अशी ठेवली की काही प्लेअर १ नंतर १०, ११ घेतात आणि मग २. ०१, ०२ असे आकडे द्या.

कळवा
मी तबला शिकतो. कल्याणला गुरुजींकडे जाताना लोकलमध्ये लेहरा (तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट) ऐकत हाताने ठेका धरायचा, हा माझा रियाज. वाटेत मध्येच नेट जायचं आणि लेहरा नेमका समेच्या तोंडावर तुटायचा. ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवला, बरं चाललं होतं. वर्गणी संपली त्या दिवशी तो वाजेनाच. असं डाउनलोड त्या ॲपपुरतंच असतं, फाइल म्हणून आपल्या हाती काही येत नाही. शेवटी गुरुजींना विचारून त्यांच्याच पेटीवरचा लेहरा रेकॉर्ड करून घेतला, झपताल आणि तीनताल, प्रत्येकी वीस मिनिटं. आता तोच वाजतो, नेट नसलं तरी.

नेरूळ
बाबांचे व्हॉट्सॲपवरचे आवाज म्युझिक प्लेअरमध्ये का दिसत नाहीत? फोन बदलायचाय, त्याआधी हवेत.

नौपाडा, ठाणे
@नेरूळ, त्या फोल्डरमध्ये '.नोमीडिया' नावाची फाइल असते, म्हणून प्लेअर तिथे बघतच नाही. फाइल मॅनेजरमधून व्हॉइस नोट्सचा फोल्डर शोधा, '.ओपस' फाइली म्युझिकमध्ये कॉपी करा. एक प्रत संगणकावरही ठेवा, आणि जुना फोन पुसण्याआधी नव्या फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे वाजवून बघा.