पेटीपुढे मेलेल्या माश्या न दिसणे

कीटकनाशकाच्या फवारणीनंतर मधमाश्यांच्या पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा खच पडला नाही, म्हणून औषध निर्दोष, असा तर्क काहीजण मांडतात; तो मला पटत नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म टॅग लावून दाखवले होते, की थायामेथोक्झाम या कीटकनाशकाच्या जीव न घेणाऱ्या मात्रेनेही बऱ्याच माश्या घरी परतत नाहीत. त्या रानातच संपतात.

आमच्या नागपूर-काटोल भागात संत्र्याच्या आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर येणाऱ्या बहराची) नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि फुले जवळजवळ एकत्रच येतात, आणि सिला ही रस शोषणारी कीड नेमकी कोवळ्या नवतीवर बसत असल्याने फवारणीचा पंप ऐन फुलोऱ्यातच बाहेर निघतो. गेल्या फेब्रुवारीत आमच्या संत्राबागेतील सातेरी या देशी मधमाश्यांच्या दोन्ही पेट्यांत राणी होती, अंडी होती, मधही होता. फक्त दारातली वर्दळ आठवडाभरात विरळ झाली आणि पायांना परागाचे पिवळे गोळे लावून येणारी माशी १० मिनिटांत एखादीच दिसू लागली.