मदत हवी आहे: ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली तरी ब्रेक पेडल पहिल्या दाबात खालीच जातं

गाडी जुनी. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. मागचे व्हील सिलिंडर गळत होते म्हणून दोन्ही नवे टाकले, लायनरही बदलले. पुढच्या कॅलिपरना हात लावलेला नाही.

एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) सगळ्यात लांबचं चाक आधी घेतलं, मग क्रमाने जवळची. ब्रेक ऑइल डॉट ४, सीलबंद डब्यातलं. टाकीतली पातळी खाली जाऊ दिली नाही. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीत आता बुडबुडा दिसत नाही.

तरी पहिल्या दाबात पेडल जवळजवळ तळाला टेकतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि चांगलं घट्ट लागतं. दाबून धरलं तर तिथेच राहतं. गळती कुठेही नाही. इंजिन चालू केल्यावर किंचित खाली जातं, पण ते बूस्टरचं काम, त्याबद्दल तक्रार नाही.

मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलिंडर गेला. मला पटत नाही. आतलं रबर गेलं असतं तर दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बसायला हवं होतं ना? की एअर अजून अडकलेली आहे? गाडी अर्थात रस्त्यावर काढलेली नाही.

प्रतिसाद:
मास्टर सिलिंडर इतक्यात घेऊ नका. एअर असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. तुमचं दुसऱ्या दाबाला घट्ट होतंय, म्हणजे पहिला दाब बहुतेक शू (लायनर असलेल्या, ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमपर्यंत नेण्यातच संपतोय. हँडब्रेक पूर्ण ओढून ठेवा आणि मग पेडल दाबा. पहिल्याच दाबात वर आलं तर मागचे शू सैल आहेत. मग हँडब्रेकची केबल आधी ढिली करून शू-ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टर फिरवा, चाक हाताने फिरवताना जेमतेम घासेल इतपत.

आणखी एक, परत एअर काढायची वेळ आलीच तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन एरवी जिथवर जात नाही तिथे मळ आणि गंज साचतो. पेडल पार तळापर्यंत दाबलं की रबर त्यावरून घासतं आणि चांगला सिलिंडरही जातो.

धागाकर्ता:
हँडब्रेक ओढून पाहिलं, पेडल पहिल्याच दाबात वर! उजवा ड्रम अ‍ॅडजस्ट झाला. डाव्याचा अ‍ॅडजस्टर मात्र नेहमीच्या दिशेने फिरवला की शू आणखी सैल होतात. हे काय गौडबंगाल?

प्रतिसाद:
बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. लायनर बसवताना अदलाबदल झाली असणार. तशीच ठेवली तर आपोआप घट्ट होणारी यंत्रणा उलट सैल करत जाईल. दोन्ही ड्रम उघडून आटे ताडून बघा, उजवा आत्ता जमला असला तरी.