तीन निवेदक, तिघी बेभरवशाच्या: ही वाचकाची फसवणूक नाही का?

मडगावचा प्रवासी
पॉला हॉकिन्सची 'द गर्ल ऑन द ट्रेन' (2015) काल संपवली. गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या मडगाव-पणजी शटलमध्ये, जाता-येता तुकड्यातुकड्यांनी. तिघी आळीपाळीने सांगतात: दारूच्या आहारी गेलेली रेचल, बेपत्ता होणारी मेगन आणि रेचलच्या माजी नवऱ्याची आताची बायको अ‍ॅना. एकीवरही विसंबायची सोय नाही. एकाने थापा मारल्या तर ती युक्ती म्हणू. तिघींनी मारल्या तर लेखिकेला रान मोकळं! वर मेगन गायब झाली म्हणतात आणि पुढच्याच प्रकरणात ती मजेत बोलतेय.

फोंडेकरीण
अहो, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर नाव, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ तेही छापलंय. मेगनची प्रकरणं वर्षभर आधीपासून सुरू होतात. वाटेतल्या कुठ्ठाळीच्या गर्दीत ती ओळ निसटली असणार तुमची. आणि रेचल थापा कुठे मारते? तिला आठवतच नाही.

परसातला काजू
(पुढे रहस्य फुटतंय, सांभाळा.)
फोंडेकरीणबाईंशी सहमत. आमचे एक काका होते. उर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत रात्री काय केलं ते सकाळी त्यांना आठवायचं नाही. सोप्यावर कपबशी धरून बसायचे, कान काकूच्या बोलण्याकडे. एकदा तुळशीवृंदावनाचा कोपरा उडालेला दिसला. सगळे म्हणाले, तुम्हीच धडकलात. काकांनी निमूटपणे सिमेंट कालवलं, कोपरा लिंपला, काकूची माफी मागितली. दोन वर्षांनी चुलतभाऊ बोलला, स्कूटर त्याची लागली होती.
रेचलचं तेच झालंय. तू काल असा तमाशा केलास, असं नवरा सांगत गेला आणि तिला ते सगळं आठवल्यासारखं वाटू लागलं. लबाड तो निघतो. त्याला मात्र निवेदनाला एकही प्रकरण नाही, हे बघा!

म्हापशाचा शुक्रवार
काकांची गोष्ट कादंबरीपेक्षा सरस. पण तिघींचा आवाज एकच आहे त्याचं काय? नाव झाकून वाचा, कोण बोलतंय ते सांगता येणार नाही.
अगाथा ख्रिस्तीच्या 1926 सालच्या कादंबरीतला डॉक्टर आठवा, रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची गोष्ट सांगणारा. (शंभरेक वर्षांच्या पुस्तकाला रहस्यभेदाची बोंब नको.) निवेदक एकटाच. आठ चाळीसला अ‍ॅक्रॉइडला पत्र आलं, आठ पन्नासला डॉक्टर त्याच्या खोलीबाहेर पडला. दाराच्या मुठीवर हात ठेवून मागे बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना. वाक्यन्‌वाक्य खरं, फक्त मधली दहा मिनिटं गाळलेली. खुनी तोच! याला म्हणतात कसब. दारूने विसर पडला म्हटलं की लेखिकेला हवं तेव्हा हवं ते आठवून देता येतं.

फोंडेकरीण
त्या डॉक्टरवरूनही तेव्हा 'फसवलं' म्हणून ओरड झालीच होती हो.

मडगावचा प्रवासी
तारखा बघितल्या. आहेत खऱ्या, चूक माझी. आवाजांबद्दल मात्र मी शुक्रवारबाबांच्या बाजूने. आणि काजूबाब, चुलतभाऊ तरी खरं बोलला कशावरून?

परसातला काजू
काकू अजून म्हणते, स्कूटर त्या आठवड्यात गॅरेजात होती.