65 नंतर श्रावणबाळ आहेच, असं म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठची: काल गावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. "65 पूर्ण झाल्यावर लाडकी बहीण बंद होणारच, रडायचं काय? पुढे श्रावणबाळ, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांची पेन्शन आहे, तीही महिना 1500 चीच." लिहिणाऱ्याने दोन्हींच्या अटी वाचल्यात का? लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळला फक्त 21 हजार! आमच्याकडे खुरपणीचा रोज 300 आहे. घरातलं एक माणूस 70 दिवस रोजाने गेलं की मर्यादा संपली. चुलत सासूबाईंचे पैसे थांबले तेव्हा मीच त्यांना तहसीलला घेऊन गेले. उत्पन्नाचा दाखला 48 हजारांचा होता. टेबलावरच्या माणसाने आकड्यावर पेन टेकवलं आणि फाइल परत सरकवली. म्हणजे काम होत होतं तोवर मदत, आणि हातपाय थकल्यावर घरी बसा?

निवृत्त मास्तर: ताई, तिजोरी कुणाची? अट वाढवली तर गावंच्या गावं पात्र होतील. मुलांचं काही कर्तव्य आहे की नाही? आईबापांना मुलांकडून निर्वाह खर्च मिळवून देणारा 2007 चा कायदा आहे त्यासाठी.

कृष्णाकाठची: सर, पोटच्या पोराविरुद्ध म्हातारीने प्रांताकडे अर्ज करायचा? पोरगा स्वतः ऊसतोडीला जातो. त्याच्याकडून काय वसूल करणार?

कामगार 58: आमचं कोण बोलणार? नोकरीभर पीएफ कापला. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 वरच अडकलीय. एक पैसा न भरणाऱ्यांना 1500 आणि आम्हाला 1000!

वऱ्हाडी पोर: काका, तुमची पेन्शन वाढायलाच पाहिजे, पण त्यासाठी त्या बाईचे कापायचे का? आणि 65 झाले हे ठरवलं कोणी? माझ्या आईच्या आधारवर 1 जानेवारी आहे. कॅम्पमधल्या पोराने अंदाजे साल टाकलं. मामा तिच्यापेक्षा मोठा, कागदावर मात्र तो धाकटा.

माणदेशी: आमच्या वर्गात निम्म्यांचा वाढदिवस 1 जूनला. गुरुजींची कृपा!

निवृत्त मास्तर: गुरुजींवर ढकलू नका! मी स्वतः पोरं दाखल करून घेतलीत. बाप सांगायचा, "पूर आला त्या साली झाला." रजिस्टरात पूर लिहू?

माणदेशी: मग चौकशी करायची होती. त्या तारखेवर माणसं रिटायर झाली, सर. माझे वडील दोन वर्षं आधी घरी बसले.

वऱ्हाडी पोर: 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. शाळेचा दाखला दाखवा म्हणतात. आई शाळेची पायरी चढली नाही, तर दाखला आणू कुठून?

निवृत्त मास्तर: आवाज खाली ठेवून बोला. 21 हजारांचा आकडा आजच्या महागाईत टिकत नाही, एवढं मान्य करतो. पण सरसकट सगळ्यांना द्यायला माझा विरोधच राहील.

कृष्णाकाठची: सरसकट मागतंय कोण? जिला कालपर्यंत पात्र धरलं, तिला त्याच अडीच लाखांच्या अटीवर श्रावणबाळमध्ये वर्ग करा. नाव, खातं, आधार सगळं सरकारकडे आहे. नवा अर्ज, नवा दाखला, नव्या झेरॉक्स कशाला?

कामगार 58: आणि आमचे 1000?

वऱ्हाडी पोर: आईच्या आधारची तारीख दुरुस्त करायची आहे. शाळेचा कागद नसताना कुणाचं काम झालंय का? कोणता कागद चालला ते सांगा.